ग्रासकटरची दोरी येईना: इंजिन खरंच जाम आहे का, हे घरीच कसं ओळखायचं

जुलैचा दुसरा आठवडा. बागेत गवत गुडघ्याच्या वर गेलंय, रोजावर बोलावलेला माणूस पडवीत चहा पितोय आणि माळ्यावरून उतरवलेल्या ग्रासकटरची दोरी जागची हलत नाही. कोकणात ज्याच्या दारात काजू-आंब्याची चार झाडं आहेत, त्याला हा प्रसंग नवा नाही. मग घरातला सगळ्यात दणकट माणूस पुढे होतो, मशीनवर पाय देतो आणि दोरीला हिसका मारतो. दोरी तुटते. तुटली नाही तर रिकॉइलची, म्हणजे दोरी परत गुंडाळून घेणाऱ्या स्टार्टरची, स्प्रिंग निसटते. आणि तेही झालं नाही तर आत कुठेतरी 'कट्ट' वाजतं, आणि दहा मिनिटांत सुटलं असतं ते काम मिस्त्रीकडे जातं.

हा लेख त्या हिसक्याच्या आधी वाचायचा आहे. मी मिस्त्री नाही, बागवाला आहे. घरी दोन मशिनं आहेत, एक टू-स्ट्रोक, एक फोर-स्ट्रोक, आणि दोन्ही कधी ना कधी माझ्याच हातून जाम झालेली आहेत. त्यातून कळलं ते असं की दोरी का येत नाही याची दहा कारणं असतात आणि त्यांतली निम्मी इंजिनाच्या बाहेरची असतात. कुठलं कारण आहे हे डोळ्यांपेक्षा हाताला आधी कळतं. मशीन कसं अडतंय, मऊ, खरखरीत की दगडावर आपटल्यासारखं, तिकडे लक्ष ठेवा. पुढची सगळी पायरी-पायरी त्यासाठीच आहे.

हात लावण्याआधी दोन प्रश्न

पहिला प्रश्न: मशीन चालता चालता जाम झालं, की ठेवून ठेवून?

दिवाळीनंतर माळ्यावर गेलेलं आणि पावसात खाली आलेलं मशीन जाम असेल तर संशय गंजावर, आत साठलेल्या पेट्रोल-ऑइलवर किंवा एखाद्या माशीने केलेल्या घरावर. मृगाचा पाऊस सुरू झाला की माळ्यावरच्या लोखंडालाही घाम फुटतो. चालता चालता आवाज चढला, मग ताकद गेली आणि मशीन आपोआप बसलं असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे तेल कमी पडलंय किंवा उष्णता वाढलीय, आणि पिस्टनने सिलिंडर पकडलाय.

इथे नवीन माणूस एका ठिकाणी हमखास फसतो. गरम असताना पकडलेलं इंजिन थंड झाल्यावर पुष्कळदा सुटतं. अर्ध्या तासाने दोरी येते, जरा जड येते एवढंच. माणूस खूश होऊन पुन्हा चालू करतो, आणि दुसऱ्यांदा पकडतं ते कायमचं. एकदा असं बसलेलं मशीन सुटलं तरी पुढची तपासणी केल्याशिवाय चालू करू नका.

दुसरा प्रश्न: टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? ऑइल भरायची वेगळी टोपी असेल तर फोर-स्ट्रोक. पेट्रोलच्या टाकीची एकच टोपी असेल आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागत असेल तर टू-स्ट्रोक. टू-स्ट्रोकला तेलाचा दुसरा कुठलाच आधार नसतो. पेट्रोलबरोबर जे थेंब आत जातात त्यांच्यावरच पिस्टन, रिंग आणि क्रँकची (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याची) बेअरिंगं जगतात. मिनिटाला सात-आठ हजार फेरे घेणारी ही इंजिनं आहेत आणि पिस्टन-सिलिंडरमधली मोकळीक केसाच्या जाडीएवढी असते. एक टाकी साधं पेट्रोल घातलं की खेळ संपला.

तयारी

मशीन अंगणात घ्या, चुलीपासून लांब. टाकीतलं पेट्रोल डब्यात काढा. प्लगची टोपी ओढून बाजूला करा. इंजिन जाम आहे म्हणून ठिणगी पडणार नाही असं धरून चालू नका, कारण सुटतं तेव्हा ते अचानक सुटतं. पात किंवा तंगुसाचं डोकं काढून टाका. पात काढताना एक लक्षात ठेवा: ग्रासकटरच्या पात्याचा नट बहुतेक मशिनांना उलट्या आट्याचा असतो, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सैल होतो. गिअरबॉक्सच्या बाजूला एक भोक असतं, त्यात एलन की किंवा जाड खिळा घालून आतली चकती अडवायची आणि मग पाना लावायचा. हे माहीत नसल्यामुळे नटाचे कोपरे गोल करून बसलेले लोक मी पाहिलेत. त्यांत एकदा मीही होतो.

हत्यारं फार लागत नाहीत. मशीनबरोबर आलेला प्लग पाना, एलन कीचा संच, स्क्रू ड्रायव्हर, जुनी चिंधी, मोबाइलचा टॉर्च. शिवाय काढलेले स्क्रू ठेवायला एक ताट. प्रत्येक ठिकाणचे स्क्रू वेगळे ठेवा. का, ते पुढे सांगतो.

बाहेरून आत: आधी पात, मग दोरी

ग्रासकटरमध्ये इंजिन आणि पात यांच्यामध्ये क्लच असतो. इंजिन हळू असताना क्लचचे बूट आत मिटलेले असतात, त्यामुळे पात मोकळी असते. म्हणून नुसत्या गिअरबॉक्समध्ये गवत गुंडाळून पात अडकली असेल तरी दोरी यायला हवी. पात जिथे बसते ती चकती हाताने फिरवून बघा. ती मोकळी फिरते आणि दोरी येत नाही, म्हणजे बिघाड क्लचच्या मागे, इंजिनाकडे. तीही जाम आणि दोरीही जाम असेल तर क्लचची स्प्रिंग तुटून बूट ड्रममध्ये अडकलेत का, हे बघावं लागेल. इंजिनाच्या तोंडाशी असलेले चार बोल्ट काढून पाइपासकट क्लचचं घर वेगळं करा. वेगळं केल्याबरोबर इंजिन फिरायला लागलं तर दोष सापडला, आणि तो स्वस्तातला आहे.

हिरवळीवर चालवायच्या चाकांच्या लॉनमोअरचं गणित इथे थोडं निराळं आहे. त्याची पात थेट क्रँकच्या टोकाला बसवलेली असते, मध्ये क्लच नसतो. पातीखाली दगड, मुळी किंवा ओलं गवत दाटलं की इंजिनच जाम झाल्यासारखं वाटतं. शिवाय पुष्कळ लॉनमोअरना दांड्यावर एक आडवी तार असते. ती दांड्याला दाबून धरली नाही तर फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाला, ब्रेक लागलेला राहतो. ती न दाबता दोरी ओढून 'सीझ झालंय', म्हणजे इंजिन पकडलंय, असं म्हणणारे असतात. आधी ती दाबून बघा, मगच पुढचं वाचा.

आता दोरीचा स्टार्टर. ग्रासकटरच्या मागच्या बाजूला तीन-चार स्क्रू असतात. ते काढले की रिकॉइल पूर्ण हातात येतो. तो हातात धरून दोरी ओढा. तिथेही येत नसेल तर इंजिन निर्दोष आहे. दोरी पुलीच्या कडेला उतरलेली असते, प्लास्टिकचा दात मोडून अडकलेला असतो किंवा स्प्रिंग गुंतलेली असते. रिकॉइलच्या आतली स्प्रिंग घड्याळाच्या स्प्रिंगसारखी दाबून बसवलेली असते. ती उघडताना तोंड जवळ नेऊ नका. नवीन माणसाने सरळ नवा रिकॉइल आणावा, तो अख्खा मिळतो.

दोरी हातात नीट येते? मग रिकॉइल बाजूला ठेवा आणि इंजिनाच्या मागे जो लोखंडी कप दिसतो तो बोटांनी फिरवून बघा. पुढच्या बाजूला क्लचचं घर काढलेलं असेल तर फ्लायव्हील दोन्ही तळव्यांत धरता येतं. मिस्त्री त्याला 'मॅग्नेट' म्हणतात, कारण त्यात लोहचुंबक बसवलेलं असतं. त्याच्याभोवती टॉर्च मारा. पंख्याच्या पात्यांमध्ये कुंभारीण माशीने मातीचं घर केलंय का? ती माती सुकून सिमेंटसारखी होते. प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल सैल होऊन मॅग्नेटला चिकटलीय का? त्या दोघांमध्ये व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट हवी. स्क्रू सैल करून मध्ये कार्ड धरायचं, कॉइल दाबायची, स्क्रू आवळायचे आणि कार्ड काढून घ्यायचं.

आता ताटातल्या स्क्रूंचं. एका वर्षी मी रिकॉइल साफ करून परत बसवला आणि दोरी येईना. अर्धा दिवस गेला. शेवटी कळलं की सायलेन्सरच्या कव्हरचा लांब स्क्रू मी रिकॉइलला लावला होता आणि त्याचं टोक आत कपाला टेकत होतं. म्हणून मशीन 'नुकतंच कुणीतरी उघडलं होतं' असं कळलं की मी आधी लांब स्क्रू शोधतो.

प्लग काढा

इथपर्यंत काही सापडलं नाही तर प्लग काढा. प्लग काढण्याआधी भोकाभोवतीची धूळ फुंकून टाका, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते.

प्लग निघाल्यावर इंजिन पुन्हा हाताने फिरवून बघा, हळू. एकदम मोकळं फिरलं आणि भोकातून पेट्रोल किंवा ऑइल उडालं, तर इंजिन जाम नव्हतंच. पिस्टनच्या वर द्रव साठला होता. हवा दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. म्हणून पिस्टन वर येताना भिंतीवर आपटल्यासारखा थांबत होता. फोर-स्ट्रोक मशीन आडवं-उलटं टांगून ठेवलं, की ऑइल वर शिरतं. लॉनमोअर साफ करताना चुकीच्या बाजूला कलंडवला तरी तेच होतं. कलंडवताना एअर फिल्टर वरच्या बाजूला राहिला पाहिजे. कार्बोरेटरची सुई गळत असेल तर टाकीतलं पेट्रोल रात्रभरात झिरपून आत जातं. अशा वेळी प्लग जागेवर असताना जोराने दोरी ओढली तर पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. सुरुवातीचा तो 'कट्ट' आवाज अनेकदा याचाच असतो.

साठलेलं काढायला भोकावर चिंधी धरा, तोंड बाजूला ठेवा आणि इंजिन पाच-सात वेळा फिरवा. प्लग पुसून, वाळवून बसवा. फोर-स्ट्रोक असेल तर ऑइलची टोपी उघडून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर ते पातळ झालंय, बदलूनच टाका. लहान फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल असतंच किती? ३५ सीसीच्या इंजिनात साधारण १०० मिली. एवढ्याशा तेलात थोडं पेट्रोल मिसळलं तरी ते कामाचं राहत नाही.

एक विचित्र कारण इथेच उरकतो. कुणी मोटरसायकलचा लांब आट्याचा प्लग लावला असेल तर त्याचं टोक पिस्टनला लागतं. प्लग काढल्यावर इंजिन कोरडंच मोकळं झालं आणि प्लगचं टोक चेपलेलं दिसलं, तर हेच झालंय.

प्लगकडे नीट बघा, तो बरंच सांगतो. टोकाशी लालसर गंजाचे ठिपके म्हणजे आत पाणी गेलंय. पांढराफटक म्हणजे इंजिन फार तापलं होतं. आणि पांढऱ्या चिनीमातीवर चंदेरी बारीक कण चिकटलेले दिसले तर वाईट बातमी आहे. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे.

हाताला काय लागतंय?

प्लग काढलाय, रिकॉइल काढलाय, पुढचा पाइप वेगळा केलाय, तरी इंजिन फिरत नाही. आता मॅग्नेट दोन्ही हातांनी धरा आणि पुढे-मागे ढकलून बघा. जोर लावू नका. बरणीचं झाकण बसलंय की नाही हे बघायला लावतो तेवढाच.

अजिबात हलत नाही, दगड आहे: बहुधा गंज किंवा पिस्टन घट्ट पकडलेलं. थोडं फिरतं आणि दरवेळी नेमक्या त्याच जागी 'टक्' करून थांबतं, उलट फिरवलं तर मोकळं असतं आणि पुन्हा दुसऱ्या बाजूने त्याच जागी येऊन थांबतं: आत काहीतरी सुटं आहे. पिस्टनच्या पिनेचं लॉक निसटलंय, रिंगचा तुकडा पडलाय, फोर-स्ट्रोक असेल तर व्हॉल्व्ह अडकलाय. फिरतं पण सगळीकडे खरखर लागते, वाळूत हात घातल्यासारखी: बेअरिंग. फिरतं, पण जड, चिकट, गुळाच्या काकवीत फिरवल्यासारखं: जुनं ऑइल सुकून डिंक झालंय किंवा रिंगा चिकटल्यात, आणि हे सगळ्यात सोपं.

हा फरक पहिल्या खेपेला कळत नाही. चांगल्या चालू मशीनचा प्लग काढून ते एकदा हाताने फिरवून ठेवा, म्हणजे निरोगी इंजिन हाताला कसं लागतं ते समजतं. शेजाऱ्याकडे मशीन असेल तर त्याचं मागून घ्या. तो हसेल, हसू दे.

सायलेन्सरमधून आत बघणं

टू-स्ट्रोकची ही खरी सोय आहे. इंजिन न उघडता पिस्टन बघता येतो. सायलेन्सर दोन बोल्टांवर बसलेला असतो, वर प्लास्टिकचं किंवा पत्र्याचं कव्हर. काढल्यावर सिलिंडरला एक चौकोनी खिडकी दिसेल. टॉर्च मारा. पिस्टन वर असेल तर त्या खिडकीतून त्याची बाजू दिसते, मध्ये असेल तर रिंगाही दिसतात.

निरोगी पिस्टनची बाजू साधारण राखाडी, एकसारखी दिसते, कदाचित थोडी तपकिरी. पकडलेल्या पिस्टनवर वरून खाली उभे चर असतात, जणू कुणी किसणीवर घासलाय. काही ठिकाणी ॲल्युमिनियम वितळून फासल्यासारखं चकचकीत दिसतं आणि रिंगा त्याखाली दबलेल्या असतात. खिडकीतून दिसतो तो धुराच्या वाटेचा भाग, म्हणजे सिलिंडरची सगळ्यात गरम बाजू. पकड पहिल्यांदा इथेच बसते.

चर फक्त याच बाजूला असतील तर इंजिन तापलं आणि मिश्रण कोरडं होतं. कार्बोरेटरची जाळी चोंदलेली, कार्बोरेटरजवळचं पॅकिंग फाटून बाहेरची हवा शिरत असलेली, किंवा सिलिंडरच्या पंखांमध्ये गवताचा भुसा दाटून थंड हवा मिळत नसलेली. शेवटचं कारण आपल्याकडे फार. कार्बोरेटरचे दोन स्क्रू काढून पलीकडच्या खिडकीतूनही बघा. दोन्हीकडे चर असतील तर तेलच नव्हतं, पेट्रोल साधं घातलं होतं. चर कार्बोरेटरच्या बाजूला आणि तिथला पिस्टन पॉलिश उडाल्यासारखा मळकट दिसत असेल, तर फाटक्या एअर फिल्टरमधून लाल माती आत गेलीय. आणि दोन्ही बाजूंनी पिस्टन स्वच्छ आहे, तरी इंजिन जाम आहे? मग पकड पिस्टनमध्ये नाही, खाली क्रँकच्या बेअरिंगमध्ये आहे.

मिश्रणाबद्दल दोन शब्द, कारण गडबड तिथेच होते. मशीनच्या पुस्तकात जे प्रमाण असेल तेच धरा. २५ ला १ म्हणजे लिटरला ४० मिली, ४० ला १ म्हणजे २५ मिली, ५० ला १ म्हणजे २० मिली. 'एक झाकण' हे माप नव्हे. औषधाच्या दुकानातून २० मिलीची सिरिंज आणा, ती वर्षानुवर्षं टिकते. दुसरं, आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. बरंच पाणी गेलं की ते पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर धरतात आणि तुमचं टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. टाकीतली नळी ओढते तळाचं. म्हणजे तुम्ही मोजून ऑइल घातलेलं असूनही इंजिन कोरडं चालतं. गेल्या मोसमाचं मिश्रण या पावसात वापरू नका, यात काटकसर महागात पडते.

फोर-स्ट्रोक असेल तर

इथे खिडकीतून पिस्टन दिसत नाही, व्हॉल्व्ह मध्ये येतो. म्हणून ऑइल बघा. पांढऱ्या वाटीत ओता आणि उन्हात धरा. ऑइल निघालंच नाही, चमचाभर आलं, तर कारण कळलं. दुधाळ कॉफीसारखं असेल तर पाणी गेलंय. उन्हात सोनेरी-चंदेरी चकाकी दिसली तर त्यात धातू आहे. वाटीखालून लोहचुंबक फिरवा: कण चुंबकामागे सरकले तर लोखंड, म्हणजे बेअरिंग किंवा गिअर, न सरकणारी चकाकी ॲल्युमिनियमची, म्हणजे पिस्टन किंवा कनेक्टिंग रॉड. लहान फोर-स्ट्रोकमध्ये पुष्कळदा ॲल्युमिनियमचा रॉड थेट क्रँकच्या पिनेवर फिरतो, मध्ये बेअरिंग नसतं. तेल संपलं की पिस्टनच्या आधी तोच पकडतो, आणि मोडला तर इंजिनाच्या पोटाला भोक पाडून बाहेर येतो. इंजिनाच्या खालून एकदा हात फिरवा. तडा किंवा भोक असेल तर पुढची तपासणी करण्यात अर्थ नाही.

गंजलेलं सोडवणं

ठेवून जाम झालंय, पिस्टनवर चर नाहीत, ऑइलमध्ये धातू नाही. म्हणजे गंज, आणि गंजाला वेळ द्यावा लागतो. इंजिन असं ठेवा की प्लगचं भोक वर येईल. त्यातून दोन-तीन चमचे गंज सोडवायचं तेल घाला. ते नसेल तर निम्मं डिझेल, निम्मं इंजिन ऑइल चालतं. टू-स्ट्रोक असेल तर सायलेन्सरच्या खिडकीतूनही थोडं सोडा. प्लग हाताने लावून ठेवा, म्हणजे पाल-झुरळ आत जाणार नाही, आणि रात्रभर विसरून जा.

सकाळी मॅग्नेट धरून पुढे-मागे हलवा. सुटायला लागलं की आधी केसभर हलतं. तेवढ्यावरच थांबा, पुन्हा तेल, पुन्हा संध्याकाळी. पुढे थोडं, मागे थोडं, रोज जरा जास्त. एका दमात पूर्ण फेरा मारायला जाऊ नका, गंजाचे खडे रिंगांत अडकून सिलिंडरला ओरखडे पडतात. हाताने जमत नसेल तर कपाच्या किंवा मॅग्नेटच्या मधल्या नटाला बॉक्स पाना लावता येतो, पण फक्त नट घट्ट होण्याच्या दिशेने आणि लांब पाइप न लावता. नटच फिरायला लागला तर थांबा. प्लगच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालून पिस्टनवर हातोडी मारायचा सल्ला कुणीतरी देतोच. ॲल्युमिनियमच्या पिस्टनला त्याने भोक पडतं. तीन-चार दिवस तेल देऊनही केसभर हललं नाही तर मिस्त्रीकडे न्या.

सुटलं तर लगेच चालू करायची घाई नको. प्लग काढून, भोकावर चिंधी धरून सगळं तेल बाहेर उडवा. क्रँकचं टोक धरून वर-खाली हलवा. खटखट लागली तर बेअरिंग गेलंय. मग प्लग बसवा, रिकॉइल बसवा आणि पात न लावता मशीन दोरीच्या मुठीला धरून उचला, जमिनीपासून वीतभर वर, खाली पोतं टाकून. मशीन झटके घेत, थांबत थांबत खाली उतरलं तर रिंगांची पकड शाबूत आहे. सरसर खाली आलं तर हवा दाबली जात नाहीये, आणि असं मशीन चालू झालं तरी उभं गवत कापणार नाही.

घरी थांबायचं कुठे

रिकॉइल, अडकलेलं गवत, माशीचं घर, कॉइल, लांब स्क्रू, चुकीचा प्लग, साठलेलं पेट्रोल-ऑइल आणि हलका गंज, हे घरचं काम. बेअरिंग आणि रॉड हे नाही. चर पडलेला टू-स्ट्रोकचा पिस्टन मधोमध आहे. पिस्टन, रिंगा, सिलिंडर आणि पॅकिंग असा अख्खा संच मिळतो आणि हाताला सवय असेल तर तो घरी बसतो. पण आधीचा पिस्टन का गेला हे शोधल्याशिवाय नवा बसवलात तर तोही दोन टाक्यांत तसाच होईल. सिलिंडरच्या आतल्या कठीण मुलाम्यावर चिकटलेलं ॲल्युमिनियम ॲसिडने काढून तोच सिलिंडर वापरणारे मिस्त्री आहेत. तो उद्योग त्यांच्याकडेच राहू द्या.

फोर-स्ट्रोकचा रॉड मोडला असेल तर दुरुस्तीचा भाव काढण्याआधी नुसत्या नव्या इंजिनाचा भाव विचारा. पाइप, गिअरबॉक्स, खांद्याचा पट्टा सगळं चांगलं असताना पूर्ण मशीन घ्यायची गरज नसते.

सुटे भाग आणायला जाताना जुना पिस्टन पिशवीत घालून न्या. बाहेरून अगदी सारखी दिसणारी दोन मशिनं बाजारात आहेत, एकाचा पिस्टन ४० मिमीचा, दुसऱ्याचा ४४. इंजिनाच्या अंगावर किंवा चिकटवलेल्या पट्टीवर १ई४०एफ किंवा १ई४४एफ असं काहीतरी लिहिलेलं असतं. मधला आकडा म्हणजे पिस्टनचा व्यास. ४० म्हणजे बाजारात ज्याला '४३ सीसी' म्हणतात ते, ४४ म्हणजे '५२ सीसी'. पट्टी पुसली गेली असेल तर दुकानदार टाकीच्या रंगावरून अंदाजाने संच देतो, आणि तो बदलून घ्यायला पुन्हा एसटीने तालुक्याला जावं लागतं.